तुळसाबाईंना वन्स मोअर

रियाधच्या मराठी मंडळाला हसायला दोनच गोष्टी पुरत: सेक्रेटरीचं भाषण आणि तुळसाबाई. बाई दीडशे वर्षांपूर्वीच्या. गावात कुणी मेलं की यांनी शोककविता रचलीच म्हणून समजा, आणि तीही अशी की मेलेल्यानं उठून हात जोडावेत.

'गेला गेला सदाशिव, वय वर्षे बारा,
खोकला तर होताच, वर सुटला वारा.'

बाईंनी जीव ओतून लिहिलेलं, आणि लोक पोट धरधरून हसायचे. दर वर्षी वाचायचं काम सुनेत्राकडे, कारण तिला चेहरा कोरा ठेवता येई.

यंदा चेहरा कोरा ठेवायला कष्टच नव्हते. गेल्या महिन्यात साताऱ्याला तिचा पाठचा भाऊ गेला. तिचा इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, नूतनीकरणात अडकलेला, देशाबाहेर पाऊल टाकता येईना. नवऱ्याच्या ऑफिसातला माणूस रोज 'बुक्रा, इन्शाल्ला' म्हणत उद्यावर ढकलत राहिला आणि तिकडे तेरावं उरकलं. मंडळाच्या ग्रुपवर दिव्यांची, कमळांची स्टिकरं धडाधड पडली. भाऊ कसा होता ते सोडाच, त्याचं नाव काय, हेही कुणी विचारलं नाही. जळली मेली ती स्टिकरं! सुनेत्राला रडू आलं नाही, नुसता थकवा आला. भाजी चिरता चिरता खाली बसावंसं वाटे.

मंडळाचे कार्यक्रम बघणाऱ्या स्वप्नाचा फोन आला, "या वेळी पण तूच वाच गं. मन रमेल तुझं."

नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं. ती हो म्हणाली.

तयारीला तुळसाबाईंचं पुस्तक उघडलं आणि पहिल्यांदाच तिला हसू येईना. बाईंनी निदान पोराचं नाव तरी घेतलं होतं, त्याला काय झालं ते बघितलं होतं. त्या दुपारी सुनेत्रानं आयुष्यातली पहिली कविता लिहिली. यमक जुळता जुळेना. एकदा चार माणसांसमोर भावाचं नाव घ्यायचं, एवढंच तिला हवं होतं.

शुक्रवारी हॉल भरला. तुळसाबाईंच्या तीन कविता झाल्या, आणि त्याच आवाजात ती पुढे वाचू लागली,

'गेला गेला गुरुनाथ, काळजाने दगा दिला,
दूध तापत ठेवले होते, चहा नाही प्याला.
चपला नव्या होत्या, एकदाच घातल्या,
दाराशीच पडल्या आहेत, कुणी नाही हलवल्या.'

चपलांवर अख्खा हॉल हसून लोळला. स्वप्ना डोळे पुसत होती, हसून हसून. मागच्या रांगेत सुनेत्राचा नवरा तेवढा तोंडावर हात धरून उभा राहिला होता.

'हा माझा भाऊ,' हे शब्द तिच्या ओठांशी आले. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

सांगितलं असतं तर सगळे गप्प झाले असते, माफी मागितली असती, आणि घरी जाऊन पुन्हा तीच स्टिकरं. त्याचं नाव पुन्हा घे, असं मात्र कुणी म्हटलं नसतं.

तिनं कागद सरळ केला.

"गेला गेला गुरुनाथ," ती म्हणाली, आणि या खेपेला तिचा आवाज फाटला. लोक आणखी जोरात हसले.