सुखी राहा

चाळिशी ओलांडल्यावर शाळेतली नोकरी सोडून रंजीताबाई सरकारी वकील झाल्या. त्यांची पहिली साक्षीदार मनकर्णा जिवतीच्या डोंगरातून आली तीच कापत. मोहफुलांच्या भांडणात गावातल्याच निकेशनं मागून काठी घालून तिच्या नवऱ्याचा पाय मोडला होता. मारणारा कोण, हे एकट्या मनकर्णानं पाहिलं होतं.

"बाई, तो म्हनून राह्यला, बोललीस त घर जाळीन."

"मी आहे ना. भिऊ नको," रंजीताबाई म्हणाल्या खऱ्या, पण धास्ती त्यांनाही होतीच. शाळेत फार तर गणित चुकायचं. इथे चुकलं तर एक घर पेटणार होतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात जामिनावर सुटलेला निकेश समोर आला. तो त्यांच्याच वर्गात शिकलेला. "बाई, ओळखलं काय?" म्हणत तो सरळ त्यांच्या पायाशी वाकला. इतकी वर्षं पोरं वाकली की जे व्हायचं, तेच झालं. त्यांचा हात त्याच्या डोक्यावर गेला आणि तोंडातून निघालं, "सुखी राहा."

निकेश हसत उठला. त्यानं रंजीताबाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. तो बाकावरच्या मनकर्णाकडे बघत होता.

मनकर्णा पिंजऱ्यात उभी राहिली. रंजीताबाईंनी विचारलं, "काठी कोणी मारली?"

"मले नाई दिसलं."

"मनकर्णा, माझ्याकडे बघ. कोणाला भिऊ नको."

मनकर्णानं वर पाहिलं आणि रंजीताबाईंपुढे हात जोडले.

"माहं घर जाळू नोका, बाई."