नळी किंचित उजवीकडे

मी खेळणी करत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण हिंगोलीतल्या निम्म्या लोकांना अजून तसंच वाटतं. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं फिटरच्या पोरांना कानस कशी धरायची ते शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर त्याच हातांनी मॉडेलं करतो. पितळ, पत्रा, तार. एसटीची जुनी लाल गाडी केली तेव्हा डेपोतला एक मेकॅनिक म्हणाला, "तातेराव सर, हुबेहूब." मागच्या शिडीला एक पायरी कमी पडली आहे, हे मी त्याला दाखवलं. तेव्हापासून तो मला टाळतो.

मोहनसिंग राठोड आले ते कोणाकडून तरी पत्ता घेऊन. पुसेगावजवळच्या तांड्यावरचे, वय चौऱ्याहत्तर, ताठ. चप्पल बाहेर काढून ती भिंतीला समांतर लावणारा माणूस मला लगेच आवडतो.

"सर, टँक बनवून द्याल का? सेंचुरियन, एकाहत्तरच्या लढाईतली. मी तिचा ड्रायव्हर होतो."

कशाला पाहिजे, असं मी विचारलं. उत्तराला पाऊण तास लागला.

टँकमध्ये चौघे असतात. त्यांच्यातला तोफ चालवणारा, म्हणजे गनर, कुरुंद्याचा कोंडीबा. तेव्हा हे सगळं परभणी जिल्ह्यातच होतं, आणि घरापासून इतक्या लांब एकाच गाडीत आपल्याकडचा माणूस भेटला म्हणून दोघं खूश होते. डिसेंबरात गाडीला गोळा लागला, आग लागली. दोघे वरच्या दारातून निघाले. मोहनसिंग पुढच्या दारातून निघाले. कोंडीबा आत राहिला. पुढं होळीच्या आधी मोहनसिंग त्याची ट्रंक घेऊन कुरुंद्याला गेले, तर दारात त्याची बहीण आशा उभी होती, नऊ वर्षांची. तिनं विचारलं, "तुमी समदे निघालात, मंग दादा काहून न्हाई निघाला?"

बापानं तिला दटावून आत पाठवलं. मोहनसिंग ट्रंक ओट्यावर ठेवून परतले.

"तवापासून दरसाल जातो, सर. होळीच्या आधी. चहा पितो, येतो. तिनं परत कधी इचारलं न्हाई. पण चहासंगं तो सवाल येतोच."

"मग सांगून टाका की एकदा."

"सांगून पाह्यलं. टँक कधी पाह्यली न्हाई तिनं, कसं कळन? एकदा तांब्या पालथा घातला, त्याच्यावर चमचा धरला, म्हनलं, ही समजा नळी. तिनं तांब्या उचलला आन् पानी भरून आनलं. मी पिऊन घेतलं. आता गुडघे गेले, सर. अजून किती डाव जाईन? टँक समोर असली तर बोलता यीन."

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर आशाबाईंसाठी म्हणालो नाही. सेंचुरियन कोणी केलेला नव्हता म्हणून म्हणालो.

एकास सोळा हे प्रमाण धरलं. म्हणजे नळी सोडून दीड फुटाचा रणगाडा. नगरच्या रणगाड्यांच्या संग्रहालयात दोन दिवस टेप घेऊन फिरलो, खाली आडवा झालो, बोल्ट मोजले. पट्ट्याची एकेक कडी वेगळी कापली. चाकं एका बाजूला सहा, ती पितळी, आणि त्यांच्यावरून बाहेरचा पत्रा लावला की त्यातली निम्मी झाकून जातात. माझी बायको साधना म्हणाली, "दिसणारच नाहीत तर एवढं घासता कशाला?" मी तिला विचारलं की भाजी आतून कच्ची राहिली तर चालेल का. त्या रात्री भाजी आतून कच्ची होती.

मोहनसिंग दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी येत. एकेक भाग हातात घेत, डोळ्यांजवळ नेत, आणि म्हणत, "बराबर." मी मुद्दाम एकदा उलटा भाग दिला. त्यांनी सुलटा करून परत दिला आणि म्हणाले, "आता बराबर." गनरची सीट त्यांनी सांगितली तशी केली. सीटसमोर एक हाताचं चाक असतं, वीज गेली तर तोफेच्या नळीसकट वरचा घुमट फिरवायला. तेही केलं, मुठीसकट, शर्टाच्या बटणाएवढं.

चौदा महिन्यांत त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या.

"ड्रायव्हरचं दार उघडन ना?"

"उघडेल."

"आन् वरचं फिरन ना?"

इथं मी त्यांना समजावून सांगितलं. घुमट फिरता ठेवायचा तर फट ठेवावी लागते. सोळापटीच्या हिशोबानं ती फट खऱ्या रणगाड्यात बोटभर होईल. फिरतं ते खेळणं. मॉडेल स्थिर असतं. त्यांनी ऐकून घेतलं. "तुमाला म्हाईत," एवढंच म्हणाले. फौजेत राहिलेला माणूस, वरच्याला उलट बोलायची सवय नाही. मला वाटलं, पटलं.

मग मी घुमट चिकटवला, दोन ट्यूबांचा पक्का डिंक लावून. नळी सरळ समोर ठेवली की रणगाडा मठ्ठ दिसतो, म्हणून ती किंचित उजवीकडे आणि जरा खाली झुकवली. एका जुन्या फोटोत तशीच होती. तशी ठेवल्यावर ड्रायव्हरचं दोन झडपांचं दार जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढं उघडे, पुढं नळी आड येई. मी ड्रॉइंग परत तपासलं. माझी चूक नव्हती. रणगाडाच तसा होता.

होळीच्या चार दिवस आधी आम्ही कुरुंद्याला निघालो. खोकं माझ्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, आत काय आहे. रणगाडा, असं मी सांगितलं. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "पुढं सरका."

आशाबाईंचं माहेर आणि सासर एकाच गावातलं. अंगणात हळद पॉलिश होऊन पडली होती, त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे. बासष्ट वर्षांची बाई, पण आमच्याकडे बघितलं ते दारातल्या पोरीसारखं. बाजेवर खोकं उघडलं. त्या वाकून नळीपासून पट्ट्यापर्यंत बघत गेल्या.

"ह्याच्यात होता?"

"व्हय. हितं." मोहनसिंगांनी घुमटावर बोट ठेवलं. मग पुढच्या दारावर. "आन् हितं मी." त्यांनी नखानं दार उचललं. ते नळीला अडलं. मी खजील होऊन काहीतरी खुलासा करणार, तेवढ्यात ते म्हणाले, "बराबर हाय, सर. अगदी असंच अडलं होतं. गोळा लागला तवा नळी अशीच होती माज्या डोक्यावर. खाली आग, वर दार अडलेलं."

मी मनातल्या मनात फुगलो. चौदा महिन्यांचं चीज झालं.

"आता फिरवा," ते म्हणाले.

"काय?"

"वरचं."

"फिरत नाही ते. सांगितलं होतं मी."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. "न्हाई फिरलं तर मी आतच मेलो, सर. मंग हिला सांगायला कोन आलं?"

एकतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की आधी विचारा, हा भाग काय काम करतो, मग कानस उचला. मला स्वतःची इतकी लाज क्वचित वाटली असेल.

मी आशाबाईंकडे खुरपं मागितलं. त्यांनी दिलं. घुमटाच्या खाली खुरप्याचं टोक घातलं आणि पिरगाळलं. डिंक पक्का होता, मीच निवडलेला. दुसऱ्या झटक्याला कडाडून आवाज आला, पुढचे दोन बोल्ट उडून हळदीत पडले, आणि घुमट सुटून हातात आला. आत गनरची सीट दिसली, आणि बटणाएवढं चाक.

मोहनसिंगांनी घुमट परत जागेवर ठेवला, नळी उजवीकडे. "मी न्हाई फिरवनार. मी खाली होतो. बाई, तुमी फिरवा. तुमच्या दादाच्या जागी."

आशाबाईंनी पदराला हात पुसले, पण हळद काही जात नाही. त्यांनी नळी धरली आणि हळूहळू डावीकडे नेली. दारावरून नळी सरकली. मोहनसिंगांनी नख लावलं. दोन्ही झडपा पूर्ण उघडल्या.

"बिजली गेली होती," ते म्हणाले. "हे हातानं फिरवावं लागतं, लय फेरे. त्याच्या वरचं दार उघडं होतं. दोघं तिथूनच निघाले. तोबी निघाला असता. मी खालून वरडून राहिलो, कोंडीबा, निघ. तो म्हनला, थांब, थोडंच राहिलं. मी निघालो. खाली उडी मारून वळलो तवर वरच्या दारातून जाळ येऊन राहिला होता."

आशाबाईंनी झडपा मिटून नळी परत उजवीकडे आणली. दार झाकलं गेलं. परत डावीकडे नेली. उघडलं. असं तीनदा केलं.

"एवढंच फिरवायचं होतं?"

"एवढंच."

"आडावर दादा रहाट ओढायचा तर माझी घागर काठाला लागस्तोवर सोडायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "हात सोलले तरी." मग मोहनसिंगांकडे वळल्या, आणि आता आवाज चढला होता. "भाऊ, हे तवाच काहून न्हाई सांगितलं? माझा बाप मरेपर्यंत म्हनत होता, माझं पोरगं भेदरून बसलं असन आत."

मोहनसिंग बाजेच्या कडेला टेकले आणि रडले. चेहरा न झाकता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. आशाबाईंनी त्यांना रडू दिलं. मग आत जाऊन चहा ठेवला.

मी हळदीतून बोल्ट शोधले. एक सापडला. निघताना म्हणालो की रणगाडा घेऊन जातो, नीट बसवून पाठवतो. त्या नको म्हणाल्या. तो देवळीतल्या कोंडीबाच्या फोटोखाली ठेवला होता, झडपांवर आणि नळीवर पिवळी बोटं उमटलेली, नळी पार डावीकडे. सवयीनं माझा हात पुढं गेला, ती जरा दिमाखदार करायला.

आशाबाईंनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या, सर," त्या म्हणाल्या. "भाऊ आत अडकतीन."