पहिल्या प्रश्नाचं उत्तर

मित्रांनो, मी एक जुनी प्रश्नपत्रिका आहे, इंग्रजीच्या अगदी पहिल्या पायरीची. आपली कहाणी गोड शब्दांत सांगावी म्हणतात. माझ्याच्यानं ते व्हायचं नाही. माझा राग अजून गेलेला नाही.

१९४४ साली सांगलीच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. लढाईमुळे कागदाची टंचाई होती, म्हणून वाट्याला पिवळट, खरखरीत कागद आला. तरी माझी ऐट काय विचारता! वाचन, श्रुतलेखन, भाषांतर आणि तोंडी असे माझे चार भाग होते. तोंडीच्या खाली सूचना होती : पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर पुढचे विचारू नयेत, उमेदवार नापास. आणि लग्न झालेल्या बाईला पहिला प्रश्न कोणता? नवऱ्याचं नाव काय! कुण्या दीडशहाण्यानं हा नमुना ठरवला, देव जाणे.

मी परीक्षकांच्या हातातली प्रत. पहिल्याच वर्षी माझ्यासमोर रंगूबाई येऊन बसली. ती माण तालुक्यातली. नवरा पलटणीत, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. ती सांगलीच्या विश्रामबाग भागात एका जैन व्यापाऱ्याकडे भांडी घासायची. त्या घरच्या सूनबाई पद्मावती यांनी दुपारच्या वेळी वर्षभर तिला इंग्रजी शिकवलं होतं. पास झाली तर दवाखान्यात सुईणकाम शिकायला मिळणार होतं. तिची धाकटी बहीण बाळंतपणात सुईण वेळेवर न मिळाल्यामुळे गेली होती. म्हणून रंगूबाईला ते काम जिवापाड हवं होतं.

वाचन तिनं खडाखडा केलं. श्रुतलेखनात दोनच चुका. भाषांतरही झकास. मग परीक्षक साहेबांनी मला वर उचललं आणि इंग्रजीत विचारलं, "तुझ्या नवऱ्याचं नाव काय?"

रंगूबाई गप्प. तिनं मान खाली घातली. मग पाटीकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "आय राईट?"

"नो राईटिंग. स्पीक!"

"आवं सायेब, दुसरं कायबी इचारा की. समदं सांगते."

"इथे मराठी चालणार नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी शून्य मांडलं.

अहो, शून्य! आयाबाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं असं मानतात, हे साहेबांना ठाऊक नव्हतं? त्यांची स्वतःची बायको त्यांना जन्मभर 'अहो' म्हणूनच हाक मारत होती! आणि नाव तर पद्मावतीबाईंनी भरलेल्या अर्जावर त्यांच्या नाकासमोर होतं. पण माझ्यावर छापलेली सूचना त्यांना माणसापेक्षा मोठी वाटली. मला तेव्हा स्वतःचीच इतकी चीड आली, की टराटरा फाटून जावंसं वाटलं.

कागद मिळेना म्हणून पुढच्या साली मलाच पुन्हा बाहेर काढलं. तोच नमुना, तेच साहेब. रंगूबाईही आली. वाचन, श्रुतलेखन, भाषांतर झालं आणि साहेबांनी माझ्यावरची नजर न उचलता तोच प्रश्न विचारला.

रंगूबाईनं या खेपेला मान खाली घातली नाही. ती स्पष्ट म्हणाली, "माय हजबंड्स नेम इज हंबीरराव."

पुढच्या चारही प्रश्नांची उत्तरं तिनं तशीच दिली. साहेब खूश! वीसपैकी वीस मार्क देऊन ते मराठीत म्हणाले, "शाबास! बघ, अभ्यास केला की येतं. गेल्या वर्षी काय झालं होतं?"

"गेल्या साली त्ये जिते हुते, सायेब," रंगूबाई म्हणाली. "फागुनात पलटनीची तार आली. आता नाव घेटलं तर कुनाचं आयुष्य कमी व्हनार हाय?"

रंगूबाई उठून गेली.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. खुशाल चुलीत घाला. पण उद्या तुम्ही कुणाची परीक्षा घ्यायला बसाल आणि समोरचं माणूस गप्प राहील, तर शून्य मांडण्याआधी ते गप्प का आहे, एवढं विचारा.