बर्फातले बूट

"सगळ्यास्नी व्हय म्हणत सुटलाय की आक्का तुमी," संघप्रिया मोबाइल खिडकीच्या उजेडाकडं तिरका धरत म्हणाली. "ह्ये बघा. पानंच्या पानं भरल्यात. एकालाबी न्हाय म्हटलेलं न्हाईसा."

अंबूबाई नमुन्याच्या बाटल्या विसळत होत्या. कसबा बावड्याच्या त्या छोट्या दूध संस्थेत सकाळचं दूध घालून माणसं पांगली होती. बाहेर धुकं अजून उठलं नव्हतं आणि कारखान्याच्या मळीचा गोडसर वास त्या धुक्यातच अडकून पडला होता.

"दारात आलेल्याला न्हाय म्हणत्यात व्हय?" अंबूबाई म्हणाल्या. "पान उघडलं की इचारतंय बिचारं, परवानगी हाय का म्हणून. आपण म्हणायचं, हाय बाबा. ये, टेक."

"टेकाय न्हाय आल्यालं ते. तुमी काय बघितलं, किती येळ थांबला, ह्येची चिठ्ठी लिहून तुमच्याच पदराला बांधतंय. फुडल्या दारात गेलासा की तिथला माणूस चिठ्ठी वाचून दुकान मांडतोय. तुमाला वाटतंय, कसा बाई माझ्या मनातलं वळीखतोय."

अंबूबाईंनी नकळत पदराचं टोक चाचपलं. मग स्वतःशीच हसल्या आणि पुढची बाटली घेतली.

बावीस वर्षं त्या या खोलीत दुधाची फॅट काढत होत्या. लोक कॅन ओतायचे, त्या नमुना घ्यायच्या, यंत्र आकडा सांगायचं. आकडा कमी आला की लोक यंत्राला नाही, अंबूबाईंना शिव्या घालायचे. त्या शांतपणे दुसऱ्यांदा नमुना घ्यायच्या, आकडा पुन्हा तोच यायचा. संघप्रिया संस्थेच्या कॉम्प्युटरवर बसायची. वयानं अंबूबाईंच्या निम्मी, पण संस्थेत कुणाचा मोबाइल रुसला तर तोही तिच्याचकडं यायचा.

हा मोबाइल मात्र रुसला नव्हता. अति बोलका झाला होता. ऐन दूध घालायच्या वेळी वाजायचा. "ज्ञानदेवजी आहेत का? हिमालयाच्या सहलीबद्दल त्यांनी आमच्या साइटवर चौकशी केली होती." अंबूबाई एका हातात बाटली धरून सांगायच्या, "भाईर गेल्यात." मागं रांग खोळंबायची. शेवटी काल सेक्रेटरी उदयसिंह म्हणाले होते, "आक्का, एक तर मोबाइल घरी ठेवा, न्हायतर हिमालयाला तरी जाऊन या."

ज्ञानू मिस्त्री पाच महिन्यांपूर्वी गेले होते. नदीकाठच्या एका पाण्याच्या मोटारीपाशी बसल्या बसल्या, पक्कड हातात असताना. नवऱ्याचं नाव अंबूबाईंनी तोंडानं कधी घेतलं नव्हतं. आता अनोळखी पोरं फोनवरून दिवसातून चारदा घ्यायची, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते ऐकायला वाईट वाटत नव्हतं.

मोबाइल त्यांचाच होता, मिस्त्रींचा. अंबूबाईंचा जुना होता तो चुलत जावेकडं गेला आणि हा त्यांच्याकडं आला. पहिल्याच आठवड्यात, चहा घेऊन उंबऱ्यात बसल्या असताना, त्यांनी बातम्यांचं पान उघडलं आणि बातमीच्या कडेला, जाहिरातीच्या चौकोनात, बर्फ पडायला लागला.

पांढरेशुभ्र डोंगर. पिवळा तंबू. खाली बूट, जाड तळव्याचे, आतून लोकरीचे, नऊ नंबर. मिस्त्रींचा पाय नऊच. ज्या माणसाचा जन्म पंचगंगेकाठच्या विहिरीत उतरण्यात आणि जळक्या मोटारींत नवी तार भरण्यात गेला, ज्यानं बर्फ पाहिला तो उसाच्या रसाच्या गाड्यावर, गोणपाटात गुंडाळलेला, तो माणूस बर्फातले बूट बघत होता. कधी? जेवून उठल्यावर खाटेवर पडायचे, मोबाइल नाकाशी धरायचे, तेव्हा? अंबूबाईंना वाटायचं, कुस्त्या बघतायत.

त्यांनी बुटाला बोट लावलं. पान उघडताना विचारणा झाली. त्यांनी हो म्हटलं आणि आत गेल्या.

मग रोजच जाऊ लागल्या. चहा निवायचा. दारापुढनं उसाच्या गाड्या जायच्या आणि अंबूबाई हिमालयात असायच्या. पुढं मिस्त्री चालायचे, तीच खाकी पँट, मागच्या खिशात पक्कड, मागं वळून बघायची सवय नव्हतीच. बर्फात त्यांची पावलं उमटत जायची. काही दिवशी त्या पावलांशेजारी आणखी एक बारकी पावलांची ओळ दिसायची. काही दिवशी नाही. आणि कुठल्या दिवशी ती दिसेल, हे अंबूबाईंच्या हातात नव्हतं.

माणूस एकटाच जायचं बघत होता, की दोघांचं? पाच महिने त्यांच्या जिवाला लागलेला प्रश्न तेवढाच होता. नणंदेला विचारावं तर ती रडली असती. फोनवरच्या पोराला एकदा, संघप्रियाच्या देखतच, विचारलं, "कितीजणांचं बघितलं हुतं त्यांनी?" तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही फॉर्म भरा, सगळं होऊन जाईल." बायकांचे बूट एकदा पडद्यावर आले होते, सहा नंबरचे, त्यांच्या मापाचे. पण ते मिस्त्रींनी पाहिले होते म्हणून आले, की आदल्या दिवशी आपणच हुडकले होते म्हणून, हे काही केल्या आठवेना.

"कवाची चौकशी म्हणायची ही?" संघप्रियानं विचारलं.

"मिरगाच्या आदली."

"आणि अजून येतंय?" तिनं मान हलवली. "आवो, इतक्या दिवसांत विसरलं असतं ते. तुमी रोज हात लावतासा म्हणून येतंय. त्येला वाटतंय, गिऱ्हाइक अजून हाय."

अंबूबाईंनी हातातली बाटली ठेवली. नळ बंद केला.

"आता ह्यातलं मिस्त्रीमामांचं किती आन तुमचं किती, ह्ये त्येचं त्येलाबी कळायचं न्हाय," संघप्रिया हळू आवाजात म्हणाली. पोरीला कळलं होतं. मग तिनं खुर्ची जवळ ओढली. "पर एक हाय आक्का. सगळं पुसायच्या आधी, पाठीमागचं बघता येतंय. तारीखवार हाय. कुठल्या दिवशी कुठलं पान. त्यांनी किती माणसांची सहल बघितली, ते पानाच्या नावातच लिहिलेलं आसतंय. बघू?"

तिचा अंगठा पडद्यावर तयार होता. अंबूबाईंनी ओले हात लुगड्याला पुसले आणि तिच्या शेजारी बाकावर बसल्या. बाहेर कुणीतरी धुक्यातून म्हैस नेत होतं; म्हैस दिसत नव्हती, घंटा तेवढी चालली होती.

आणि त्यांना मंगळवार आठवले.

दर मंगळवारी त्या नमुन्यांची पेटी घेऊन शहरात जायच्या. काम अर्ध्या तासाचं. घरी सांगायच्या, लई रांग असतीया. रांग कधीच नसायची. पेटी देऊन त्या रंकाळ्यावर जायच्या, एक भेळ घ्यायच्या, कठड्यावर पाण्याकडं तोंड करून बसायच्या. अकरा वर्षं. कुणाला भेटायला नाही, कुणावर रुसून नाही. पाणी हलायचं, त्या खायच्या, कागद चुरगाळून टोपलीत टाकायच्या आणि बसनं घरी येऊन भाकरी थापायच्या. आपला नवरा त्या कठड्यावर शेजारी असावा असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि त्याचा अर्थ तो नकोसा होता असा अजिबात नव्हता. हे कुणाला समजावून सांगायची वेळ आली असती तर त्यांना जमलं नसतं.

मिस्त्रींनी एकदाच विषय काढला होता. "ओठाला शेव लागलीया," म्हणाले होते. त्यांनी पुसली. पुढं ते काहीच बोलले नाहीत. मंगळवारी भाकरीला उशीर झाला तरी नाही.

"नगं," अंबूबाई म्हणाल्या.

"बघायचं न्हाय?"

"त्यांनी मला सांगितलं न्हाय. सांगाय येळ न्हवता असं न्हाय, एकतीस वर्सं हुती. मग आता मी त्यांच्या मागारी खिसं कशाला चाचपू?"

"पर जिवाला खात ऱ्हाईल तुमच्या."

"खाऊ दे. काय तरी खाया लागतंयच की." त्या जरा हसल्या. "कसं पुसायचं ते दाव. मीच पुसते."

संघप्रियानं दाखवलं. इथं जा, खाली ओढा, ही यादी, हे बटण. मोबाइलनं विचारलं, नक्की ना? अंबूबाईंचं बोट थोडा वेळ हवेत थांबलं, यंत्रावर आकडा स्थिरावेपर्यंत थांबतं तसं. मग खाली आलं. कसलाही आवाज झाला नाही. मोठं काही पुसलं जात असताना एवढी शांतता कशी, याचं त्यांना नवल वाटलं.

"जाहिराती बंद व्हायच्या न्हाईत," संघप्रिया म्हणाली. "तुमच्या मागनं फिरायच्या न्हाईत, एवढंच. आन ते फोन येत्यात ना, त्यास्नी एकदा सरळ सांगा, माणूस ऱ्हायला न्हाय, नंबर काढा म्हणून. पान इचारील तवा आदी वाचायचं. दोन बटणं आसत्यात. न्हायचं बारीक अक्षरात आसतंय, मुद्दाम."

"राग न्हाय येत त्येला?"

"कुणाला?"

"इचारणाऱ्याला."

संघप्रियानं मोबाइल त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबूबाई चहा घेऊन उंबऱ्यात बसल्या. बातम्यांचं पान उघडलं, तशी मधोमध ती परवानगीची पाटी येऊन उभी राहिली. त्यांनी चष्मा लावून ती पहिल्यांदाच सगळी वाचली. वाचायला एवढा वेळ लागला की चहावर साय धरली. हिरवं बटण मोठं होतं, छातीठोक. खाली करड्या, बारक्या अक्षरात नकार होता. बोट दोनदा हिरव्याकडं गेलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते खाली नेलं आणि दाबलं.

पाटी निघून गेली. पान उघडलं, कालच्यासारखंच. नदीची पातळी, उसाचा दर, कुणाचा तरी सत्कार. कुणी रागावलं नव्हतं.

बातमीच्या कडेला जिथं बर्फ पडायचा तिथं नुसता चौकोन होता, रिकामा, वाट बघणारा. अंबूबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग तिथं हळूहळू एक ट्रॅक्टरचं टायर उमटलं, काळंभोर, मोठ्या खाचांचं. ते कुणासाठीही होतं. त्यांनी त्याला हात लावला नाही, आणि ते आपोआप निघून जाईपर्यंत, दारी आलेल्या पाहुण्याला सोबत करावी तशा, त्या तिथंच बसून राहिल्या.