लपवलेला थर

ऑफिसात त्यांना सगळे ताईच म्हणत, साहेबसुद्धा. ताई म्हटलं की नको असलेलं कुठलंही काम हक्काने गळ्यात मारता येतं, हे सगळ्यांना पाठ होतं. चिपमधल्या तारांचे नकाशे पडद्यावर आखायचे, हे त्यांचं काम. दोन तारा फार जवळ आल्या की एकमेकींचा विद्युतभार धरून बसतात आणि संदेश रेंगाळतो. या धरून बसण्याचा, म्हणजे कपॅसिटन्सचा, हिशोब करणारं टूल नकाशाच्या एडिटरमधूनच चालवता येई. गेला आठवडा ताईंचं तेच चाललं होतं. तार सरकवा, टूल चालवा, आकडा जास्त. पुन्हा सरकवा, पुन्हा चालवा. पहिले पाढे पंचावन्न.

काल संध्याकाळी आकडा एकदाचा मर्यादेत आला. साहेब इतके खूश झाले की त्यांनी ताईंच्या रजेवर न कुरकुरता सही केली. उद्या ताईंच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ते दोनदा पुढे ढकललं होतं, दोन्ही वेळा ताईंच्या कामापायी. "तू शेजारी असलीस तरच मी त्या टेबलावर झोपेन," असं म्हातारबुवांनी बजावलं होतं, आणि त्यांचा हट्ट म्हणजे दगडावरची रेघ.

आज दुपारी नकाशा कारखान्याकडे पाठवण्याआधी ताईंनी सहज नकाशाच्या थरांच्या यादीवर नजर टाकली. एका थरापुढची, तो पडद्यावर दिसतोय हे सांगणारी, खूण गायब होती. मोकळ्या जागेत धातूचे बारीक तुकडे पेरावे लागतात, तो थर. पडद्यावर ते अंगावर पुरळ उठल्यासारखे दिसत. काल डोळे चुरचुरायला लागले म्हणून ताईंनीच तो लपवला होता, आणि टूलला सांगून ठेवलं होतं, दिसतील तेवढेच थर घे. टूल बिचारं आज्ञाधारक. टूल चालवण्याआधी सगळे थर उघडा, हे ताई प्रत्येक नवख्याला पहिल्या दिवशी घोकून घेत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

त्यांनी थर उघडला, टूल पुन्हा चालवलं. ते तुकडेही भार धरून बसतातच; आकडा मर्यादेच्या पार पलीकडे गेला.

गप्प बसता आलं असतं. चिप बनून यायला कितीतरी महिने लागणार, तोवर खापर कुणाच्या डोक्यावर फुटेल कोण जाणे. ताईंना स्वतःचा संताप आला, पण संतापायलाही अंगात त्राण लागतं. त्या उठल्या आणि साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "कुणी बघितलंय का हे?"

"मी बघितलंय."

"परवापर्यंत नकाशा गेला नाही तर कारखान्यातली आपली पाळी जाते, ताई. दुसऱ्या कुणाला देऊ का?"

"त्याला नकाशा समजून घ्यायलाच आठवडा जाईल, साहेब. मीच करते."

"आणि तुमची रजा?"

ताई मोबाईल घेऊन बाहेर पडल्या.

पाण्याच्या मशीनजवळ उभं राहून त्यांनी फोन लावला. काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. वडिलांनी लगेच उचलला.

"बाबा, ऐका ना..."

"नाही जमत ना?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं.

"माझीच चूक झाली हो. काल कामात मी..."

"असू दे गं. मनाला लावून घेऊ नकोस. मी दवाखान्यात सांगून टाकलंय, पुढची तारीख द्या म्हणून."

"कधी सांगितलंत?"

"सकाळीच."

सकाळी तर ताई नक्की जाणार होत्या.