शेवटची चौकडी

मी पत्रा बोलतोय. छपरावरचा नव्हे हो, भट्टीत बिस्किटं भाजायचा. लोखंडी, चारी बाजूंनी कड वळवलेला, अंगावर करपल्याचे डाग. आमची सिग्ने नवी नवरी होऊन अमेरिकेच्या उत्तर टोकाला, मोठ्या सरोवराकाठच्या डुलुथ गावी आली तेव्हा सासूनं मला तिच्या हाती सोपवलं आणि बजावलं, याला फार घासू नकोस, बिस्किटं चिकटतील. सिग्नेनं घासलं आणि बिस्किटं चिकटली. सासूनं तीच चवीनं खाल्ली. आमच्याकडची माणसं अशीच. चिकटलेलं बिस्किट सुरीनं सोडवून घेतील आणि 'छान झालंय' म्हणतील.

सिग्नेचा नवरा आर्विड मालाच्या बोटीवर होता. सरोवर गोठेपर्यंत महिनेच्या महिने बाहेर. लीफ आणि कर्स्टन ही दोन पोरं तिनं जवळजवळ एकटीनंच वाढवली. माझ्यावर किती वेलदोड्याचे पाव भाजले गेले, त्याला गणती नाही. मग आर्विड गेला, पोरं आपापल्या संसाराला लागली, भट्टी थंड पडली. मी चुलीखालच्या कप्प्यात आडवा पडून राहिलो. एकट्या बाईला पाव लागतो केवढा?

मला पुन्हा बाहेर काढलं ते एका खेळानं. कर्स्टन दूर ॲरिझोनात राहते. तिला रोज सकाळी फोनवर कोडं सोडवायची सवय. सोळा शब्द असतात, त्यांतून एका जातीचे चार-चार वेचून चार चौकड्या लावायच्या. तिनं आईलाही नादी लावलं. सिग्नेनं काही दिवस सोडवली कोडी, मग म्हणाली, परक्यांचे शब्द किती दिवस जुळवत बसायचं? आपल्या घरात काय शब्दांचा दुष्काळ आहे?

मी लोखंडाचा, चुंबक धरून ठेवतो. तिनं जुन्या दिनदर्शिकांमागचे चुंबक कापले, त्यांवर कागद चिकटवून शब्द लिहिले आणि लीफच्या वाढदिवसाला माझ्या पाठीवर लीफचं अख्खं आयुष्य मांडलं. एक चौकडी त्यानं फोडलेल्या वस्तूंची, एक त्याला नाचायला नाही म्हणालेल्या पोरींची. लीफ पन्नाशीचा बाप्या, पण कानापर्यंत लाल झाला आणि प्रत्येक उत्तरावर हुज्जत घालायला लागला. तेव्हापासून सिग्नेनं नियमच केला: ज्याचा वाढदिवस, त्यानं केक कापेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी जुळवायचं.

पुढं प्रत्येकाचं कोडं झालं. जावई ड्वेनच्या कोड्यात 'दुरुस्त करतो म्हणून सांगितलेल्या वस्तू' अशी चौकडी होती. नियम मोडून तो म्हणाला, "आई, चारांतच कशा बसवल्या तुम्ही?" कर्स्टन हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली.

कोडं करायचं म्हणजे खायचं काम नाही. शब्द असा घालायचा की तो दुसऱ्याच चौकडीतला वाटावा आणि समोरचा फसावा. सिग्ने दुपारभर शब्द इकडून तिकडे सरकवायची, स्वतःशी पुटपुटायची. माझ्याशीच म्हणा ना. मला एकच खोट दिसायची. तीन चौकड्या डोकं खाजवून जुळवतात, चौथी आपोआप उरते. ती कुणी जुळवत नाही. उरली म्हणून बरोबर, संपलं.

मग एका हिवाळ्यात सिग्ने दारातल्या बर्फावरून घसरली. मनगट मोडलं. कर्स्टन विमानानं धावत आली, रडली, आईला भरवलं, न्हाऊ घातलं. पोरगी वाईट नाही हो. घाबरली होती. तिनं आणि लीफनं मिळून ठरवलं: घर विकायचं, आईनं ॲरिझोनात यायचं. कर्स्टन म्हणाली, "तिकडं बर्फच नाही, आई. घसरणार कशावर?"

सिग्ने म्हणाली, "तसं बरंच आहे."

आमच्याकडं कुणी असं म्हणालं की समजावं, त्याच्या मनात नाही. पण कर्स्टनला उन्हाच्या देशात राहून वर्षं झाली होती. तिनं ते 'हो'त धरलं. लीफला कळायला हवं होतं. पण ज्याला कळल्यावर जबाबदारी येते, त्याला जरा उशिराच कळतं.

उन्हाळ्यात सिग्नेचा वाढदिवस आला. सगळ्यांची कोडी तीच करायची, तिचं कुणी कधी केलं नव्हतं. यंदा ते तिनंच केलं. एक चौकडी नाताळच्या पानात वाढायच्या पदार्थांची. एक घरातल्या कुत्र्यांची. एक आर्विडच्या बोटीवरच्या सामानाची: दोर, नांगर, कंदील, शिडी. आणि शेवटची: भोंगा, धुकं, पायरी, लावर्न. सरोवरातून बोट आत शिरताना पूल वर उचलावा म्हणून देते तो भोंगा. सकाळी खिडकीला चिकटतं ते धुकं. मागच्या दारची पायरी, जिच्यावर बसून ती बटाटे सोलते. आणि कुंपणापलीकडची लावर्न, रोज सकाळी कॉफीला येऊन तिच्या कॉफीला नावं ठेवणारी.

मांडून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "जे खोक्यात भरता येत नाही." या चौकडीचं नाव होतं ते. मग माझ्या कडेवर बोट फिरवत म्हणाली, "हीच चार का, असं विचारतील. विचारलं म्हणजे सांगता येईल."

मी मनात म्हटलं, बाई गं, शेवटी कशाला ठेवलीस! पण पत्र्याचं कोण ऐकतं?

वाढदिवसाला सगळे टेबलाभोवती जमले. सिग्ने तोंड मिटून टेबलाच्या टोकाला बसलेली. कुत्री लगेच जुळली. नाताळचं पान जुळलं. कर्स्टननं भोंगा बापाच्या सामानात घातला. सिग्नेनं मान हलवली, नाही. शिडी काढून बघितली, नाही. मग ड्वेननं नेमका भोंगाच बाहेर काढला आणि तिसरी चौकडी लागली. सिग्ने खुर्चीत पुढं सरकली. हात एकमेकांत घट्ट धरलेले.

"आणि ही राहिली ती चौथी," लीफ म्हणाला. "चला, केक आणा."

टाळ्या पडल्या. कर्स्टननं आईचा मुका घेतला, म्हणाली यंदाचं कोडं सोपं होतं. केक कापला. आता सिग्नेला बोलायची मोकळीक होती. ती बशी हातात धरून एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिली. ड्वेन घराच्या गिऱ्हाइकाबद्दल बोलत होता, सोमवारी बघायला येणार म्हणून. तिच्या केकचा तुकडा तसाच राहिला. लीफनं विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, गोड जरा जास्त झालंय.

ते चार शब्द माझ्या पाठीवर होते. त्या दिवशी मला वाटलं, आपण भट्टीत तापतो तसं तापावं, त्यांचे हात पोळावेत, निदान दचकून वाचतील तरी. पण थंड पत्रा तो थंड पत्रा.

घर विकलं गेलं. सामान बांधायला कर्स्टन आली. माझ्यावरचे चुंबक काढायला लागली आणि त्या चारांपाशी तिचा हात थांबला. तिनं एकदा वाचले, पुन्हा वाचले. मान वर न करता म्हणाली, "आई, ही चार कशाची गं होती?"

सिग्ने पेल्याला कागद गुंडाळत होती. दिवाणखाना रिकामा झाला होता, दाराशी खोकी रचलेली. तिनं लेकीकडं पाहिलं. लेकीचे डोळे भरत आले होते.

"काही नाही गं," ती म्हणाली. "तुम्हाला सोपं जावं म्हणून घातली होती."

कर्स्टननं मोठा श्वास सोडला, डोळे पुसले आणि पुढचं खोकं ओढलं.

जाताना ती चार न काढताच सिग्नेनं मला कुंपणावरून लावर्नकडं दिलं. लावर्न मला भट्टीत घालत नाही. ओट्यामागं भिंतीला टेकवून ठेवलंय. सकाळी एकाच कपात कॉफी ओतते आणि नावं ठेवायला सिग्नेची कॉफी नाही म्हणून कुरकुरते. बोटी येतात, भोंगा होतो, माझं अंग थरथरतं.

तुमच्यापुढं कुणी म्हाताऱ्या माणसानं चार गोष्टी मांडल्या, तर उरल्या म्हणून जुळल्या असं समजू नका. हीच चार का, ते विचारा. आणि घराला गिऱ्हाईक लागायच्या आधी विचारा. मला तोंड असतं तर मीच सांगितलं असतं. मला आहेत ते नुसते चार कोपरे, त्यातलाही एक चेपलेला.