घोडेस्वाराच्या पायाशी

"देवळात कशालाही हात लावायचा नाही हं, आई. कबूल?" होडीत चढतानाच शाझलीनं मला बजावलं होतं. "कबूल रे बाबा! मी काय कुक्कुलं बाळ आहे?" असं मीच तोंड वर करून म्हटलं होतं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

शाझली माझा थोरला. परदेशी पाहुण्यांना कलाब्शाचं जुनं देऊळ दाखवतो. गळ्यात सरकारी कार्ड असतं, त्याच्यावरच आमचं घर चालतं. त्याची बायको नब्रा पोटुशी आहे, दिवस भरत आलेत. याआधीची दोन बाळं हाती लागली नाहीत. म्हणून काल मी हट्टानं त्याच्याबरोबर गेले. कमरेला चंदनाच्या तेलाची कुपी खोचून, त्याला न सांगता.

कलाब्शा आमचंच गाव. ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. देऊळ तेवढं दगड दगड उचलून इथं वर आणलं. माणसांना कुठं नेऊन टाकलं ते विचारूच नका! देवळाच्या भिंतीवर घोड्यावर बसलेला राजा कोरलाय. शाझली पाहुण्यांना सांगत होता, "राजा आमचा नुबियाचा, पोशाख रोमन, अक्षरं ग्रीक, देऊळ इजिप्ती थाटाचं. पुढं इथंच चर्चही होतं." पाहुणे माना डोलावत होते. माझी आई मात्र त्या घोड्याच्या पायाला तेल लावून बाळासाठी मागणं मागायची. पाच वेळा नमाज पढायची, तरीही. मी तिचीच लेक.

सगळे पुढं गेले तसं मी तेलाचं बोट भिंतीला टेकवलं. तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट करकचून धरलं.

"ए बाई! भिंत काय तुझ्या बापाची आहे?" पहारेकरी ओरडला. "कुणाबरोबर आलीस?"

दगडावर तेलाचा डाग पसरत होता. सगळे मागं वळले. शाझलीच्या गळ्यातलं कार्ड दिसलं आणि मी घाबरून बोलून गेले, "कुणाबरोबर नाही. ह्याला तर मी ओळखतसुद्धा नाही!" अगं बाई, त्याचं नाव तरी कुणी काढलं होतं का?

"माझी आई आहे," शाझली म्हणाला. आधी पहारेकऱ्याला, मग पाहुण्यांना त्यांच्या भाषेत. पहारेकऱ्यानं हात पुढं केला. शाझलीनं कार्ड काढून त्या हातावर ठेवलं.

परतताना त्यानं मला हात धरून होडीत बसवलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मला वर बघायची लाज वाटत होती. जन्म दिलेल्या पोराला मी ओळखत नाही म्हणाले, आणि त्याला माझी लाज वाटली नाही.

काठ जवळ आला तसं त्यानं विचारलं, "आई, नब्रासाठी मागितलंस तरी का?"

मागणं ओठांवर यायच्या आधीच त्या मेल्यानं हात ओढला होता.

"मागितलं रे," मी म्हणाले.

"मग झालं तर," तो म्हणाला आणि हसला, माझं लेकरू. मी तेलकट हात शालीखाली लपवला.